नोकरीतून उद्योगाकडे : किर्लोस्करवाडीचा पूर्वेतिहास

पगारी नोकरी सोडून स्वतंत्र धंद्यात पडणाऱ्या माणसाच्या चरित्रात राजीनाम्याचा प्रसंग नेहमी रंगवून सांगितला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869-1956) यांच्याविषयीही तसेच झाले आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक आरेखन शिकवीत असत; बढतीची पाळी आली असता ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. प्रसंग खरा आहे. परंतु त्यावरच सर्व भार टाकणे युक्त नव्हे. राजीनाम्यापूर्वीच बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या देखरेखीखाली सायकलींचे दुकान चालू होते, व त्याचा माल लक्ष्मणराव मुंबईहून पाठवीत. म्हणजे नोकरी आणि धंदा यांचा काही काळ सहवास होता. शिवाय यंत्रशाळेत हाताला लागलेले वळण त्यांनी बरोबर नेले. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांचा उगम दुकानदारीत नसून त्या वळणात आहे.

नांगराला गिऱ्हाईक मात्र मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती, आणि पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पगाराची सवय झालेल्या मनुष्याची खरी परीक्षा होते ती अशा वेळी. महिनाअखेर रक्कम येत नाही, मालाचे गुण मालकालाच ठाऊक असतात, आणि वाट पाहण्याचा खर्च घरातूनच भागवावा लागतो.

यापेक्षाही मोठे संकट पुढे आले. बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा घेतली. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज व कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली. औंध हे गाव सातारा जिल्ह्यात. पण संस्थानचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता, आणि कुंडलकडील तुकडा आज सांगली जिल्ह्यात मोडतो. (1949 ते 1960 या काळात या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा असे होते.) जमीन माळरानाची, निवडुंग व सापांनी भरलेली, तिचे मोल एकाच गोष्टीत होते, ती म्हणजे रेल्वे. ओतकामाला लागणारे बिडाचे लोखंड व कोळसा दुरून आणावयाचा आणि जड नांगर दूर पाठवावयाचे, तेव्हा स्टेशनाचे सान्निध्य हे सुपीक मातीहून मोलाचे ठरले. 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. कामगारांनी कारखान्यालगतच्या आखीव गावात राहावे, ही कल्पना पाश्चात्त्य औद्योगिक वसाहतींच्या वाचनातून आलेली होती.

तेव्हा व्यक्तीचे धैर्य, भावाची साथ आणि संस्थानिकाचा आश्रय यांपैकी कोणत्या घटकाला किती श्रेय द्यावे? कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ‘प्रभाकर’ कंदिलाने घरोघरी पोहोचलेला ओगले बंधूंचा काचकारखाना याच औंध संस्थानच्या छत्राखाली उभा राहिला. तेथेही भाऊ होते, तंत्रज्ञान होते, आश्रय होता. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात. ओगलेवाडीचा कारखाना मात्र पुढे बंद पडला. गावोगाव वीज पोहोचू लागल्यावर कंदिलाची गरज ओसरत गेली, तर त्याच विजेने पंपाची मागणी वाढविली.