दिवाळीचा बोनस आणि कामाची उमेद

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या खडे बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सारे गाव सणाच्या तयारीत असते, पण दुकानातील नोकराचे काम नेमके त्याच दिवसांत वाढते. अशा वेळी त्याची उमेद टिकवावी कशी?

नेहमीचे उत्तर म्हणजे बोनस. ही मालकाची मेहेरबानी नव्हे. १९६५ च्या बोनस कायद्याने ठराविक वेतनमर्यादेतील कामगारांसाठी किमान ८.३३ व कमाल २० टक्के बोनस ठरविला; २०१९ च्या वेतन संहितेनेही हेच आकडे कायम ठेवले. मात्र हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांपर्यंत तो देता येतो. वर्ष ३१ मार्चला संपले तर ही मुदत नोव्हेंबरअखेर जाते. तोवर दिवाळी होऊन गेलेली असते! मुलांचे कपडे, फराळाचे सामान उधारीवर आणल्यानंतर मिळालेला बोनस कायद्याला पुरतो, सणाला नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले की, अपुऱ्या पगाराने असंतोष वाढतो; पण पुरेशा पगाराने कामाची गोडी लागतेच असे नाही. ती यश, जबाबदारी आणि कामाची दखल यांतून येते. म्हणून बोनस वसुबारसेपूर्वी द्यावा. सुट्टीच्या पाळ्या सर्वांसमक्ष ठरवाव्यात. पाडव्याला दुकानात थांबलेल्यास भाऊबीजेला घरी जाऊ द्यावे. चांगल्या विक्रीचे श्रेय नाव घेऊन द्यावे.

वीसहून कमी नोकरांच्या दुकानांना बोनसचे हे बंधन नाही. तेथे नोकराची दिवाळी मालकाच्या जाणिवेवरच अवलंबून असते.