आधी वही, मग कीबोर्ड!

सबमिशन उद्यावर आलंय. सिनियरने गेल्या वर्षीचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर दिलाय. तुम्ही नाव बदललं, रन केलं, आउटपुट आलं. झालं की काम! 'चालतोय ना, मग हात कशाला लावायचा?' असं म्हणून झोपायला जाणार असाल, तर जरा थांबा. हाच विचार एकदा रॉकेट बनवणाऱ्यांनाही भोवला होता.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कुरू तळावरून युरोपचं नवंकोरं एरियन-५ पहिल्यांदाच झेपावलं. पोटात चार क्लस्टर उपग्रह. जेमतेम ४० सेकंदांत रॉकेट भरकटलं आणि आकाशातच फुटलं.

झालं काय होतं? रॉकेटची दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन-४ वरून घेतलेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटची एक संख्या १६ बिटच्या जागेत बसवली जायची. तिथे ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. एरियन-४ चा आडवा वेग सुरुवातीला कमी असायचा, त्यामुळे कधी अडलं नाही. एरियन-५ चा मात्र बराच जास्त. आकडा मावेना, यंत्रणा बंद! जोडीला राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच कोड. दोन्ही बंद पडल्या. कहर म्हणजे, ती आकडेमोड एरियन-५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हती.

आणि टेस्टिंग? एरियन-५ च्या मार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा आधी तपासलीच नव्हती. अपघातानंतर ते आकडे देऊन पाहिले, तेव्हा जमिनीवरच्या कम्प्युटरवर तीच चूक जशीच्या तशी घडली.

आता आपल्याकडे वळू. निकालाचा साधा प्रोग्राम घ्या. कोड लिहिण्याआधी वहीत दोन रकाने आखा: काय टाकणार आणि काय उत्तर यायला हवं. ६० मार्कांना पास, हे सगळेच तपासतात. ३४ आणि ३५ ला काय? ०, १०० ठीक, पण १०१? उणे ५? आणि मार्कांच्या जागी कुणी गैरहजर म्हणून 'एबी' टाइप केलं तर?

दुसरा रकाना भरताना इथे पेन अडेल. अडू द्या! गैरहजर म्हणजे शून्य धरायचं की वेगळं दाखवायचं, हे तुम्ही अजून ठरवलेलंच नाही. हाच तो डिझाइनचा प्रश्न. आत्ता वहीत पाच मिनिटांत सुटेल. व्हायवाच्या आदल्या रात्री तोच प्रश्न हजार ओळींत शोधत बसाल.

सिनियरचा कोड जरूर वाचा, त्यातून शिका. फक्त वापरण्याआधी एक विचारा: हा कोड काय गृहीत धरून लिहिलाय, आणि माझ्या प्रोजेक्टमध्ये ते खरं आहे का?

काढा मग वही!