चौथीनंतरची वाट

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा पहिलीच्या नवागतांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात. गुलाबपुष्पे, फुगे, नव्या पुस्तकांचे वाटप असा तो सोहळा असतो आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच सकाळी कन्नड, सिल्लोड किंवा पैठण तालुक्यातील एखाद्या वस्तीवरची दहा वर्षांची मुलगी एसटीच्या थांब्यावर उभी असते. गावातील जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे ती बाजाराच्या गावातील हायस्कुलात पाचवीला निघालेली असते. तिच्या स्वागताला मात्र कोणीही नसते.

या मुलीच्या आयुष्यात त्या दिवशी काय बदलते, याचा विचार क्वचितच होतो. मार्चपर्यंत ती शाळेतील सर्वांत मोठ्या मुलांपैकी होती; घंटा वाजविणे, लहानांना ओळीत बसविणे ही कामे विश्वासाने तिच्याकडे दिली जात. आता ती सर्वांत लहान ठरते. पूर्वी एक-दोन गुरुजी सगळे विषय शिकवीत आणि तिच्या घरची माणसे त्यांच्या ओळखीची होती. आता तासागणिक शिक्षक बदलतात, प्रत्येकाची वही निराळी, शिस्त निराळी, बोलण्याची तऱ्हा निराळी. हिंदी हा नवा विषय दाखल होतो. वर्षभरातच, म्हणजे सहावीत, ‘परिसर अभ्यास’ संपून सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी स्वतंत्र पुस्तके हाती येतात. इतके सारे बदल एका उन्हाळ्याच्या सुटीत घडतात आणि ते आपोआप पचतील, असे गृहीत धरले जाते.

वस्तुतः हा सांधा निसर्गाने निर्माण केलेला नाही. तो प्रशासनाचा आहे. महाराष्ट्रात पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि त्यापुढे माध्यमिक, अशी विभागणी दीर्घकाळ रूढ राहिली. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीचा वर्ग प्राथमिक टप्प्यात घातला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे अंतरही ठरविण्यात आले. तरीही अनेक गावांत चौथीनंतर मुले खासगी संस्थेच्या हायस्कुलाकडेच वळतात. वर्ग हलविणे म्हणजे शिक्षकांची पदे हलविणे, हे त्यातील खरे दुखणे आहे. परिणामी एका बाजूला जिल्हा परिषद आणि दुसऱ्या बाजूला शिक्षणसंस्था, आणि मधल्या दोन महिन्यांत मूल नेमके कोणाचे, या प्रश्नाला उत्तर नाही.

मराठवाड्याला तर अशा सांध्याचा फार जुना अनुभव आहे. निजामी राजवटीत मराठी मुलाचे आरंभीचे शिक्षण मायबोलीत झाले, तरी पुढच्या वर्गांत उर्दू माध्यम त्याच्यापुढे उभे राहत असे. ज्ञानाचा दरवाजा नेमका मध्येच अरुंद होई. 1915 साली औरंगाबादेत स्थापन झालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्थांचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. पुढे 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात महाविद्यालय काढले, तेव्हा ज्यांना वरच्या पायऱ्या नाकारल्या गेल्या होत्या त्यांच्यासाठी त्या बांधण्याचे काम झाले. 17 सप्टेंबर 1948 नंतर भाषेची भिंत पडली. पायरी मात्र आजही उंचच आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा अपव्ययाचा प्रश्न आहे. 1929 च्या हार्टोग समितीने ‘गळती’ आणि ‘कुंठितावस्था’ हे दोन दोष दाखवून दिले, त्याला आता शतक होत आले. चार वर्षे एखाद्या मुलावर समाजाने केलेला खर्च पाचवी-सहावीत त्याची शाळा सुटल्यास बव्हंशी वाया जातो. कुटुंबाचा हिशेब आणखी निष्ठुर असतो. गावातल्या शाळेला जाण्यायेण्याचा वेळ लागत नव्हता. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळून शिकत होती. आता तिचा बराचसा दिवस घराबाहेर जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात तर दिवाळीच्या सुमारास हा हिशेब पुन्हा मांडला जातो. अशा वेळी मूल शाळेत रमलेले नसेल, तर पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो, ही मोठीच सोय आहे. परंतु पास मुलीला शाळेच्या दारापर्यंत नेतो, वर्गात रमवीत नाही.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. न्यूयॉर्क शहरातील विद्यार्थ्यांविषयीचा एक अभ्यास कोलंबिया विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केला. एकाच शाळेत आठवीपर्यंत राहिलेल्या मुलांच्या तुलनेत मध्येच वेगळ्या शाळेत गेलेल्या मुलांची प्रगती घसरली आणि ती घसरण आठवीपर्यंत भरून निघाली नाही, असे त्यांना आढळले. साधनसंपन्न शहरात ही स्थिती असेल, तर वस्तीवरच्या मुलाची कल्पना करावी.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘पूर्वीची पिढी मैलोगणती चालत जाऊन शिकली, तिला कोणी हात धरून नेले नव्हते,’ असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांचे कष्ट खरे आहेत. परंतु हे सांगणारे सारे पैलतीर गाठलेले आहेत. जे मध्येच थांबले त्यांची साक्ष या खटल्यात नोंदलीच जात नाही. शिवाय 2022 च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. ज्याला वाचताच येत नाही, त्याच्यापुढे सहा विषयांची सहा पुस्तके ठेवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीची खोली समजावून सांगण्यासारखे आहे. आता पाचवीअखेर वार्षिक परीक्षाही आली आहे. वर्षाच्या शेवटी कसोटी घ्यायची, तर वर्षाच्या आरंभी आधार देणे हे न्यायाचेच ठरते.

करावयाचे काय, याचे उत्तर सुदैवाने फारसे खर्चिक नाही. एप्रिल महिन्यात चौथीच्या गुरुजींनी आणि हायस्कुलातील पाचवीच्या वर्गशिक्षकांनी एक दिवस एकत्र बसावे. कोणते मूल वाचनात मागे आहे, कोणाचे आईबाप तोडणीला जातात, कोण अबोल आहे, हे तोंडी सांगून टाकावे. निकालपत्रकात हे लिहिलेले नसते. सुटीपूर्वी मुलांना नवी शाळा एकदा दाखवून आणावी. वर्ग, पाण्याचे नळ, मुलींचे स्वच्छतागृह कोठे आहे, हे ठाऊक असले तरी निम्मी भीती जाते. पाचवीच्या वर्गशिक्षकांकडे दिवसाचे किमान तीन तास असावेत, म्हणजे मुलाला एक तरी चेहरा आपला वाटेल. पहिला महिना पाठ्यपुस्तक पुढे ढकलण्यापेक्षा वाचन आणि गणिती क्रिया तपासून पक्क्या करण्यास द्यावा. महासाथीनंतर 2021 मध्ये राज्याने 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबविलाच होता. मग दरवर्षी पाचवीसाठी तसा महिना काढणे अशक्य कसे? एकाच गावच्या आठवी-नववीतील मुलीकडे नवागत मुलींना सोबत करण्याची जबाबदारी द्यावी. शाळा सुटण्याची वेळ आणि एसटीची वेळ यांचा मेळ घालावा. आणि पालकसभा घ्यायची ती शाळेत नव्हे, गावात घ्यावी. ज्याची मजुरी बुडते तो पालक शाळेत येत नाही, म्हणून त्याला आस्था नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

यातील एकाही गोष्टीसाठी नव्या आयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांनी मनावर घेतले, तर येत्या एप्रिलमध्येच आरंभ होऊ शकेल. पहिलीत किती मुले आली, हा आकडा दरवर्षी अभिमानाने सांगितला जातो. चौथीतून निघालेल्या मुलांपैकी दिवाळीनंतर पाचवीच्या वर्गात किती बसली आहेत, हा आकडाही प्रत्येक गावाने विचारावा. थांब्यावरची ती मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे येऊन उभी राहते की नाही, याचे उत्तर त्यातच आहे.