३,१६४ तिळांतला एक, आणि तळपायाचा हिशेब

वीस वर्षांच्या पुरुषाच्या अंगावरचा एखादा तीळ वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत मेलानोमात, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगात, बदलण्याची शक्यता ३,१६४ मध्ये १ आहे. स्त्रीच्या बाबतीत ती १०,८०० मध्ये १ आहे. हा हिशेब २००३ मध्ये अमेरिकेतील आकडेवारीवरून मांडला गेला. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये मेलानोमाचे वयानुसार समायोजित प्रमाण लाखामागे सुमारे ३७ होते. भारतात हे प्रमाण लाखामागे १ पेक्षा कमी आहे. म्हणून आपल्याकडे ही शक्यता आणखी कमी धरायला हवी.

जगभरातील नव्या रुग्णांचा अंदाज २०२० मध्ये ३.२५ लाख होता, २०२२ मध्ये ३.३२ लाख. फरक ७ हजारांचा; पण दोन्ही अंदाज असल्याने याला वाढ म्हणण्याची घाई नको. महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. सुमारे २९ टक्के मेलानोमा जुन्या तिळातून उगवतात, ७१ टक्के कोऱ्या त्वचेवर. सगळे तीळ काढले तरी मोठा वाटा उरतोच.

आता पायांकडे. तळवे, तळहात आणि नखांखालचा मेलानोमा १९८६ ते २००५ च्या अमेरिकी नोंदींत गोऱ्यांच्या मेलानोमांपैकी १ टक्का, आशियाई वंशीयांत १८ आणि कृष्णवर्णीयांत ३६ टक्के आढळला. यावरून काळ्या त्वचेला तळपायाचा धोका जास्त, असा अर्थ काढला तर तो चुकेल. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय दोघांतही याचे प्रत्यक्ष प्रमाण सारखेच, वर्षाला दहा लाखांमागे सुमारे १.८ होते. सावळ्या त्वचेत इतर जागांचे मेलानोमा कमी, म्हणून टक्का फुगतो. पाच वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण मात्र या प्रकारात ८० टक्के होते, सर्व मेलानोमांत ९१.

अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला काटा रुतणे, कुरूप होणे नवे नाही. अडचण इथेच आहे: तळव्याचा मेलानोमा कुरूप किंवा न भरणारी जखम म्हणून महिनोन् महिने अंगावर काढला जातो.

डॉक्टरांकडे कधी जायचे? तीळ दोन बाजूंनी असमान, कडा वेड्यावाकड्या, रंग एकाहून अधिक, रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त, किंवा रूप बदलते आहे, यांपैकी काही दिसले तर. रक्त येणे किंवा नखाखाली रुंदावणारी काळी रेघ, हीही कारणेच. तळव्यावर डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहिल्यास कातडीच्या उंचवट्यांवर समांतर रंग दिसणे ही खूण ८६ टक्के मेलानोमांत सापडते. मेलानोमा नसलेल्या डागांत ९९ टक्के वेळा ती नसते.

चुना-सोडा लावणे किंवा केस बांधून मस तोडणे टाळावे. जळालेल्या उतींची तपासणी होत नाही. संशयित तिळावर लेझरही नको. जागा बधिर करून १ ते ३ मिलिमीटर कातडीसह पूर्ण तीळ काढतात आणि बायोप्सीला पाठवतात. मेलानोमा निघाला तर जाडी मोजतात: १ मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची १ सेंटिमीटर त्वचा पुन्हा काढतात, २ मिलिमीटरच्या पुढे २ सेंटिमीटर. चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात. तळव्याचे साधारण दोन आठवड्यांनी, आणि तोवर त्या पायावर भार नको.