दारातून परतलेल्यांची नोंद

वऱ्हाडातील शेगाव येथे 23 फेब्रुवारी 1878 रोजी श्री गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले, आणि पुढे त्यांच्या नावाने जे संस्थान नांदू लागले त्याचा लौकिक भक्तीइतकाच शिस्तीमुळेही महाराष्ट्रभर पसरला. कै. शिवशंकरभाऊ पाटील यांनी तेथील सेवेस जे वळण लावले त्याचे फळ असे, की दर्शनबारी कितीही लांबली तरी ती कोठे अडली आहे, कोण थकून बाजूस झाले आहे, हे सेवेकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. महासाथीत बंद राहिलेली राज्यातील मंदिरे 16 नोव्हेंबर 2020 पासून उघडू लागली तेव्हा शेगावी दर्शनासाठी आधी ऑनलाईन ई-पास घेण्याची व्यवस्था झाली, आणि रांगेचा पहिला भाग मंदिराच्या आवारातून उठून घराघरांतील मोबाईलवर गेला. ई-पास असो, रेल्वेचे तत्काळ तिकीट असो की परीक्षेचा निकाल असो, ही नवी रांग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तीतील खोळंबा शोधण्याची विद्या काय आहे, हे सामान्य वाचकानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

आपण पडद्यावर बोट ठेवताच निघालेली विनंती मोठ्या संकेतस्थळावर थेट मूळ कारभाऱ्याकडे जात नाही. दारावर एक दर्शनी सर्व्हर असतो, ज्यास रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. तो विनंती स्वीकारतो, आतील अनेक सर्व्हरांपैकी एकाकडे ती सोपवतो, तो आतला सर्व्हर माहितीचे दफ्तर, म्हणजे डेटाबेस, धुंडाळतो, आणि तयार झालेले उत्तर त्याच दारातून परत येते. रशियातील इगोर सिसोएव यांनी 2004 मध्ये सर्वांसाठी खुला केलेला एन्जिन-एक्स आणि फ्रान्समधील विली तारो यांचा एचए-प्रॉक्सी ही या कामाची जगभर वापरली जाणारी साधने होत. दारावर बसणारा आत-बाहेर दोन्हीकडे पाहू शकतो, आणि म्हणूनच दिरंगाईचा तपास त्याच्या नोंदवहीपासून, म्हणजे लॉगपासून, सुरू करावा लागतो.

या तपासाचा मूळ नियम एकच: काळाची वाटणी केल्यावाचून दोषाची वाटणी करू नये. एन्जिन-एक्सला तसा हुकूम दिला असता तो प्रत्येक विनंतीपुढे निरनिराळे काळ लिहून ठेवतो: एकंदर किती वेळ गेला, आतल्या सर्व्हरशी जोडणी होण्यास किती लागला, उत्तराचा आरंभ कधी झाला आणि ते आतून पूर्ण कधी मिळाले. एकंदर काळ मोठा, पण आतला काळ अल्प असेल, तर मागील यंत्रणा निर्दोष असून विलंब बहुधा वापरणाऱ्याच्या क्षीण नेटवर्कात आहे; दोन्ही सारखेच मोठे असतील तर मामला आतला आहे. जोडणीचाच काळ वाढून तो 1, 3 किंवा 7 सेकंदांच्या आसपास पुन्हा पुन्हा आढळू लागला, तर पहिली हाक वाटेत हरवून यंत्र ठरलेल्या अंतराने पुन्हा हाक मारीत आहे, असा तर्क सबळ ठरतो. जोडणी तत्काळ होऊन उत्तराच्या आरंभासच उशीर होत असेल, तर मात्र डेटाबेसचे प्रश्न तपासावेत.

याहून सूक्ष्म प्रकरण मध्येच निघून गेलेल्यांचे आहे. उत्तर मिळण्यापूर्वी वापरणाऱ्याने जोडणी तोडली तर एन्जिन-एक्स तेथे 499 हा आकडा लिहितो. एचए-प्रॉक्सी जोडणी कोणी आणि कोणत्या टप्प्यावर तोडली हे अक्षरांनी नोंदवितो. अनेक कार्यालयांत हे आकडे 'गिऱ्हाईकच निघून गेले, आपला काय दोष' अशा समजुतीने दुर्लक्षिले जातात, आणि हीच या क्षेत्रातील मोठी चूक होय. सोडून जाण्याचे काळ विखुरलेले असतील तर तो बहुधा माणसांचा सुटलेला धीर आहे; पण ते सारे नेमके 30 किंवा 60 सेकंदांवर येऊन थांबत असतील, तर एखाद्या यंत्राची ठरवून दिलेली मुदत संपली आहे. एन्जिन-एक्स आतल्या सर्व्हरच्या उत्तराची वाट मुळात 60 सेकंद पाहतो आणि मग 504 लिहितो. त्याच्या पुढे उभ्या असलेल्या यंत्राची मुदत त्याहून कमी असेल, तर 504 ऐवजी 499 उमटतो आणि आतल्या दिरंगाईचे खापर निष्कारण बाहेरच्यावर फुटते.

जो निघून गेला त्याचे काम मात्र पुष्कळदा आत चालूच राहते. दर्शनी सर्व्हर मागील जोडणी तोडतो, परंतु डेटाबेसात गुंतलेल्या प्रोग्रामला ते कळेलच असे नाही. तोवर तोच माणूस पुन्हा बटण दाबतो आणि एकाच्या दोन विनंत्या होतात. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो, की व्यवस्था स्थिर असता आत अडकलेल्यांची सरासरी संख्या ही येण्याचा वेग आणि राहण्याचा काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. येथे दोन्ही एकदम वाढतात. 28 एप्रिल 2021 रोजी दुपारी चार वाजता कोविन संकेतस्थळावर 18 ते 44 वयोगटाची लसनोंदणी खुली झाली तेव्हा एक कोटीहून अधिक लोकांनी त्याच दिवशी नाव नोंदविले, आणि आरंभीच्या काळात असंख्यांना ताटकळावे लागले. एकाच क्षणी सर्वांना दार उघडले की कोणत्याही यंत्रणेची हीच कसोटी लागते.

अशा वेळी सरासरीवर विसंबणे घातक असते. दहाव्या सेकंदाला कंटाळून गेलेल्याची नोंद दहाच सेकंदांची होते, मग त्याचे उत्तर एका मिनिटाने का तयार होणार असेना. म्हणजे जितके अधिक लोक निराश होऊन परततात तितकी सरासरी खोटेपणाने सुधारते. म्हणून सर्वांत मंद शंभरातील एका विनंतीचा काळ आणि परतलेल्यांचे प्रमाण, ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

सार्वजनिक सेवेची संकेतस्थळे चालविणाऱ्यांना आग्रहाचे सांगणे आहे, की काळाच्या या नोंदी आजच सुरू कराव्यात, बाहेरून आत जाताना प्रत्येक टप्प्याची मुदत कमी होत जाईल अशी बांधणी ठेवावी, एकच अर्ज दोनदा आला तरी तो एकदाच नोंदला जाईल अशी तजवीज करावी, आणि गर्दी झाल्यास नुसते फिरते चक्र न दाखविता 'आपला क्रमांक लागेल, थांबा' असे स्पष्ट सांगावे. खेड्यातून दुबळ्या नेटवर्कावर वाट पाहणारा माणूस उत्तर न घेता परतला, तर ती सेवेतील उणीव आहे, आणि तिचा जाब सेवा देणाऱ्यानेच दिला पाहिजे.