गुणोत्तर आणि प्रमाण

गणिताच्या पुस्तकांत गुणोत्तर व प्रमाण हे शब्द नेहमीं जोडीनें येतात. त्यामुळें पुष्कळ विद्यार्थी ते एकाच अर्थाचे समजतात. वस्तुतः त्यांत मोठा भेद आहे.

एकाच जातीच्या दोन राशींपैकीं एक दुसरीच्या किती पट आहे, हें जी संख्या सांगते तिला गुणोत्तर म्हणतात. दोन गुणोत्तरें समान असलीं म्हणजे त्या चार राशी प्रमाणांत आहेत, असें म्हणतात. सारांश, गुणोत्तर ही तुलना होय. प्रमाण हें समतेचें विधान होय. विधान म्हटलें कीं तें खरें किंवा खोटें ठरावयाचेंच.

मेहरूणच्या प्रसिद्ध बोरांचेंच उदाहरण घेऊं. समजा, २ किलो बोरांस १२० रुपये पडतात. मग ५ किलोंस ३०० रुपये, असें आपण त्रैराशिकानें चटकन् सांगतों. कारण २:५ व १२०:३०० हीं गुणोत्तरें समान आहेत. परंतु जास्त माल घेणारास विक्रेत्यानें सूट देऊन ५ किलो बोरें २६० रुपयांस दिलीं, तर १२०:२६० म्हणजे ६:१३ होतें. गुणोत्तर येथेंही आहे; प्रमाण मात्र नाहीं, म्हणून त्रैराशिकाचें उत्तर चुकतें.

प्रमाण ह्या शब्दाचा जुना उपयोग निराळा होता. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिकाच्या तीन राशींस प्रमाण, फल व इच्छा अशीं नांवें आहेत. तेथें प्रमाण म्हणजे दिलेली पहिली राशि. वरील उदाहरणांत २ किलो. इच्छा वाढली असतां फल घटत असेल, तर व्यस्त त्रैराशिक करावें, असेंही तेथें बजाविलें आहे. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिल्याचा शिलालेख आपल्याच जिल्ह्यांत, चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. मुलाचें वजन बापाच्या निम्में, म्हणून बापाची अर्धी गोळी मुलास द्यावी, असें कित्येक घरीं मानितात. वजनांचें गुणोत्तर १:२ खरें; परंतु औषधही त्याच प्रमाणांत सोसतें, हें कोणी ठरविलें? ॲस्पिरिनसारखें औषध तर मुलांस डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून मुळींच देऊं नये.

मराठींत प्रमाण ह्याचा दुसरा अर्थ पुरावा असा आहे. विद्यार्थ्यांनीं तो ध्यानांत ठेवावा: गुणोत्तर खुशाल काढावें, पण प्रमाण मांडण्यापूर्वीं त्यास पुरावा आहे कीं नाहीं, हें पाहावें.