कापडी डायपर घ्यायचाय? आधी वाळत घालायची दोरी पाहा

घरात बाळ आलं की महिन्याच्या यादीत एक नवी ओळ वाढते, आणि कचरागाडीत नवं ओझं. एकदा वापरून टाकायच्या डायपरला बाहेरून प्लॅस्टिकचा थर असतो. आत लाकडाचा लगदा आणि ओल शोषून जेलीसारखी फुगणारी पावडर असते. त्याचं खत होत नाही, भंगारवालाही ते घेत नाही. बेळगावचा कचरा तुरमुरी डेपोत जातो, तिथे ते तसंच पडून राहतं. म्हणून कापडी डायपरची चौकशी करणारे आईबाप आता वाढताहेत.

पण कापड आणलं की पर्यावरण वाचलं, असं सरळ गणित नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली हा हिशेब मांडला होता. एका बाळाच्या अडीच वर्षांच्या वापरात टाकाऊ डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन, तर कापडीमुळे सुमारे ५७० किलो. म्हणजे जवळपास सारखंच! कारण होतं धुणं आणि यंत्रात वाळवणं. मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरलं, तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो, असंही त्यात दिसलं. दोरी आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे. फायदा आहे तो तिथे.

काय घ्यायचं?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला आपला जुना नाडीचा सुती लंगोट. दुसरा पॉकेट डायपर: बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आत खिसा, खिशात शोषणारी घडी. तिसऱ्यात सगळं एकत्र शिवलेलं असतं, त्यामुळे तो वाळायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

खानापूर, चंदगड, गोव्यासारख्या भरपूर पावसाच्या भागात जाड घडी दोन-दोन दिवस ओली राहते. त्यावर सोपा तोडगा आहे. बाहेरचं कव्हर नवीन घ्या, आत आजीच्या जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं कापड चौपदरी घडी करून ठेवा. उघडून पसरलं की पातळ कापड लवकर वाळतं.

एकदम मोठा सेट घेऊ नका. आधी दोन-तीन नग वापरून पाहा. मांडीशी सैल बसला तर गळतो, घट्ट बसला तर वळ उठतात. नव्या सुती घड्या पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत, तेव्हा पहिल्याच दिवशी गळाला म्हणून नाराज होऊ नका.

खर्चाचा हिशेब

टाकाऊ डायपर १० रुपयांना धरा, दिवसाला ६, म्हणजे महिन्याला १८०० रुपये. आता ३५० रुपयांची ६ कव्हरं आणि ४० रुपयांचे २४ लंगोट धरा: ३०६० रुपये. साबण-विजेला महिना ३०० धरले तर दोन-सव्वादोन महिन्यांत भांडवल सुटतं. निम्माच वापर कापडी केला तर पाच महिने लागतील. आपल्या दुकानातले भाव घालून हे गणित स्वतः करून पाहा.

धुण्याची पद्धत

शी आधी संडासात टाका. कापड खळबळून झाकणाच्या बादलीत कोरडंच ठेवा, पाण्यात भिजत ठेवू नका. एक-दोन दिवसांचं एकत्र धुवा. साधी पावडर पुरते. कपडे मऊ करणारं द्रावण टाळा, त्याने शोषण्याची ताकद कमी होते. बोअरच्या जड पाण्यात साबण निघत नाही, तिथे एक खळबळणं जादा करा. सुती घड्या कडक उन्हात वाळवा. बाहेरचं कव्हर मात्र उकळू नका, त्याचा थर सुटतो.

बाळाला दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली तर लगेच. कापडी असला तरी ओला राहिला की पुरळ येतंच. पुरळ दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, फोड आले किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

धुणार कोण?

हा प्रश्न खरेदीच्या आधी सोडवा. आधीच रात्र-रात्र जागणाऱ्या बाळंतिणीवर हे धुणं पडणार असेल, तर महिन्याभरात सगळं कपाटात जाईल. बाबांनी निदान धुणं आणि वाळत घालणं अंगावर घ्यावं. नळाला पाणी रोज येत नसेल, तर फक्त दिवसा कापडी वापरलं तरी चालेल.

रात्री, प्रवासात टाकाऊ डायपर वापरला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. फक्त तो उघडा फेकू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही तो गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. इंदूरमध्ये असा कचरा वेगळा घेतला जातो. आपल्याकडेही कागदात गुंडाळून, खूण करून वेगळा दिला, तर गाडीवरच्या माणसाला त्यात हात घालावा लागत नाही.